सपाट स्टॅन्ली घरी आला, आता पुढे काय?

परदेशात राहणाऱ्या नातवाचं किंवा भाचीचं जाडसर पाकीट येतं. उघडून पाहावं तर आत क्रेयॉनने रंगवलेला वीतभर उंचीचा एक कागदी मुलगा आणि सोबत वर्गशिक्षिकेची छापील चिठ्ठी : हा आमचा स्टॅन्ली. याला तुमचं गाव दाखवा, फोटो काढा, काय काय केलंत ते लिहा आणि अमुक तारखेच्या आत परत पाठवा. आजी-आजोबा बुचकळ्यात पडतात. आधी वाटतं, पोराने चित्र पाठवलंय, फ्रिजवर लावून टाकू. चिठ्ठी पुन्हा वाचल्यावर कळतं की हा गृहपाठ आहे आणि या खेपेला तो आपल्या वाट्याला आला आहे.

या कागदी पाहुण्याचं काय करायचं, काय टाळायचं, आणि आपल्याच शाळेतून असा पाहुणा धाडायचा असेल तर तयारी कशी करायची, ते पाहू.

हा स्टॅन्ली कोण?

जेफ ब्राउन या अमेरिकन लेखकाचं ‘फ्लॅट स्टॅन्ली’ हे छोटं पुस्तक १९६४ साली आलं. चित्रं टोमी उंगेरर यांची. स्टॅन्ली लॅम्बचॉप नावाच्या मुलाच्या पलंगाशेजारी भिंतीवर मोठा सूचनाफलक टांगलेला असतो. एका रात्री तो त्याच्या अंगावर पडतो आणि पोरगं अर्ध्या इंचाइतकं सपाट होतं. दुखत-खुपत काही नाही. दाराखालच्या फटीतून तो आरपार जातो, धाकटा भाऊ आर्थर त्याचा पतंग करून उडवतो, आणि पुढे तर चित्रांच्या संग्रहालयात भिंतीवर चित्र बनून लटकत तो चोरही पकडून देतो. शेवटी आर्थरच सायकलच्या पंपाने हवा भरून त्याला पूर्ववत करतो.

आपल्याला हवा असलेला प्रसंग मधला आहे. स्टॅन्लीला कॅलिफोर्नियातल्या मित्राकडे जायचं असतं, पण प्रवासाचं भाडं परवडणारं नसतं. मग आई-वडील त्याला मोठ्या पाकिटात घालतात आणि टपालाने पाठवून देतात.

याच प्रसंगावरून डेल ह्युबर्ट या शिक्षकांना युक्ती सुचली. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या लंडन शहरात ते तिसरीच्या वर्गाला शिकवत. १९९५ साली त्यांनी उपक्रम सुरू केला : मुलांनी आपापला कागदी स्टॅन्ली करायचा, दुसऱ्या गावच्या कुणाला तरी टपालाने पाठवायचा, त्यांनी त्याला फिरवून त्याची हकिगत लिहायची आणि पत्रासकट परत धाडायचा. हेतू साधा होता. मुलांना पत्र लिहायला आणि वाचायला खरंखुरं कारण मिळावं. पुढे कॅनडा-अमेरिकेच्या प्राथमिक शाळांत हा उपक्रम इतका रुजला की जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत जे विमान उतरवावं लागलं, त्यातल्या एका प्रवाशाच्या बॅगेतही एक स्टॅन्ली होता. तोही सुखरूप बाहेर आला.

काही शाळा स्टॅन्लीऐवजी मुलाचीच कागदी आकृती पाठवायला सांगतात. नियम तेच.

पाकीट उघडल्यावर पहिल्या दिवशी

सर्वांत आधी परतीची तारीख पाहा. अमेरिकेतल्या शाळा मे अखेरीस किंवा जूनमध्ये बंद होतात, आणि एप्रिलमध्ये पोचलेला स्टॅन्ली निवांत ठेवला तर तो परत जाईपर्यंत वर्गच उठलेला असतो. टपालाला एका बाजूने काही आठवडे लागू शकतात. म्हणून हिशेब उलटा करा : परतीच्या तारखेतून महिनाभर वजा करा, उरले ते तुमचे दिवस. उरतच नसतील तर चार दिवसांत पत्र आणि फोटो शिक्षिकेला ईमेलने पाठवा आणि कागदी स्टॅन्ली मागाहून येईल असं कळवा. वर्गात वाचून दाखवण्याची पाळी चुकत नाही, हे महत्त्वाचं.

दुसरं काम : स्टॅन्लीचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ फोटो काढून ठेवा. टपालात गहाळ झाला तर त्यावरून रंगीत प्रत काढता येते.

तिसरं : त्याला पारदर्शक प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घाला. क्रेयॉन पाण्याला सहसा दाद देत नाही, पण स्केचपेन एका थेंबात पसरतं, आणि भिजलेला कागद वाळून वेडावाकडा होतो तो होतोच. पावसाळ्यात आलेल्या पाहुण्याला रेनकोट हवाच. मूळ चित्रावर मात्र काही लिहू नका, टाचणी लावू नका. ते मुलाचं काम आहे.

कुठे न्यायचं?

इथे बहुतेकांची गाडी शनिवारवाडा नाहीतर गेटवे ऑफ इंडियाकडे वळते. न्या, हरकत नाही. पण त्या जागांचे उत्तम फोटो शिक्षिकेला वर्गातल्या पडद्यावर क्षणात दाखवता येतात. ते काही तुमच्या पत्राची वाट पाहत नाहीत. मुलाला जे दुसरं कुणीही सांगू शकणार नाही, ते तुमच्या दारापासून फर्लांगभरात असतं : रिक्षाचा मीटर, भाजीवालीचा तराजू, एसटी स्टँडवर मराठीत होणारी गाड्यांची घोषणा, दूधवाल्याचं माप, गच्चीवरच्या कुरडया, दारातली रांगोळी, सोसायटीच्या वॉचमनची नोंदवही. आठ वर्षांच्या मुलाला या गोष्टी दूरच्या किल्ल्यापेक्षा अधिक नवलाच्या वाटतात, कारण आपले आजोबा रोज तिथे जातात.

तीन-चार जागा पुरेत. प्रत्येक जागी स्टॅन्लीला काहीतरी करायला द्या. नुसता उभा करून फोटो काढला की सगळे फोटो सारखेच दिसतात. तराजूत त्याला बसवा, रिक्षाच्या हँडलला टेकवा, पोळपाटाच्या मापाने मोजा. फोटो काढताना त्याला हातात धरून कॅमेऱ्याच्या जवळ आणा, नाहीतर मागच्या गर्दीत तो कागदाचा कपटा होऊन बसतो. लॅमिनेट केलेला असेल तर उन्हात चमक मारतो, तेव्हा थोडा तिरका धरा.

इतरांचे चेहरे फोटोत येत असतील तर विचारून घ्या. भाजीवालीला स्टॅन्लीची गोष्ट सांगितली तर ती बहुधा स्वतःच त्याच्या हातात मिरची देईल. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो मात्र त्यांच्या पालकांच्या परवानगीशिवाय नकोत. आणि नातवाचं पूर्ण नाव, शाळा, इयत्ता लिहिलेली चिठ्ठी फोटोत दिसत असेल तर तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकू नका. कौतुक घरात पुरेसं होतं.

पत्र : सगळा जीव इथे आहे

फोटो पाहायला मुलाला दहा सेकंद लागतात. पत्र मात्र वर्गासमोर वाचलं जातं, त्यावर प्रश्न येतात, नकाशावर टाचणी लागते. म्हणून वेळ काढायचा तो इथे.

पत्र स्टॅन्लीच्या तोंडून लिहा किंवा तुमच्या. स्टॅन्लीच्या तोंडून लिहिलं तर गंमत अधिक येते, कारण त्याला सगळं नवीन असतं आणि आपल्या सवयीच्या गोष्टी समजावून सांगणं भाग पडतं. दोन पानं पुरेत. एका पत्रात एक जागा नीट सांगा, बाकीच्यांचा ओझरता उल्लेख करा. नमुना म्हणून हा एक उतारा पाहा :

“लाडक्या सोनू, आज आजीने मला पिठाच्या गिरणीत नेलं. तुमच्याकडे पीठ दुकानातून पिशवीत येतं. इथे आजी घरून ज्वारी डब्यात भरून नेते आणि डोळ्यांसमोर दळून घेते. गिरणीवाल्या काकांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी डबा काट्यावर ठेवला, झाकणावर खडूने खूण केली आणि विचारलं, ‘बारीक ना?’ आमच्या पुढे गव्हाचा डबा होता. ज्वारीत गहू मिसळायला नको म्हणून आम्हाला थांबावं लागलं. मग वरच्या पेटीत ज्वारी ओतली आणि मशीन इतकं मोठ्याने खडखडायला लागलं की आजी मला काहीतरी सांगत होती ते ऐकूच आलं नाही. खाली कापडाच्या नळीतून पीठ आलं. मी हात लावून पाहिला तर ते गरम होतं! म्हणून आजीने घरी येऊन लगेच झाकण लावलं नाही, पीठ निवू दिलं. माझ्या पाठीवर अजून थोडं पीठ आहे. पाकीट उघडलंस की झटक.”

या उताऱ्यात भारताचा इतिहास नाही की विशेषणं नाहीत. काय दिसलं, काय ऐकू आलं, हाताला काय लागलं आणि तसं का, एवढंच आहे. ‘का’ लिहायला विसरू नका. पीठ निवू देण्याचं कारण वाचूनच मूल पुढचा प्रश्न विचारतं. (शेवटचं वाक्य कागदावरच ठेवा. खरं पीठ पाकिटात जाऊ देऊ नका. का ते पुढे येईलच.)

भाषेचं म्हणाल तर वर्गात वाचायचं पत्र सोप्या इंग्रजीत हवं. पण मुलाचं नाव एकदा देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून पाठवा, वर्गातल्या इतरांना ते गिरवून पाहायचं असतं. मूल तिथल्या मराठी शाळेत जात असेल तर एक वेगळं छोटं पत्र मराठीत द्या. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या अशा शाळा उत्तर अमेरिकेत अनेक शहरांत शनिवार-रविवारी भरतात, आणि घरून आलेलं खरं पत्र वाचणं हा तिथे पाठ्यपुस्तकापेक्षा रुचकर धडा होतो.

आकडे मुलाच्या मापात द्या. अमेरिकेतल्या मुलाला चाळीस अंश म्हणजे थंडी वाटेल, म्हणून ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरनहाइट असं लिहा. मुंबई-पुणे अंतर साधारण १५० किलोमीटर म्हणजे ९३ मैल. वेळेचा फरक हमखास आवडतो : न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळ चालू असताना आपण साडेनऊ तास पुढे असतो, म्हणजे इथे सकाळी आठला तुम्ही चहा घेता तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. हिवाळ्यात हाच फरक साडेदहा तासांचा होतो. कॅनडातल्या मुलाला मात्र सेल्सिअस आणि किलोमीटरच शिकवतात, तेव्हा तिथे रूपांतराची गरज नाही.

पाकिटात काय घालावं, काय नाही

घालण्यासारखं : एसटीचं किंवा बसचं वापरलेलं तिकीट, मराठी वर्तमानपत्रातलं मुलांचं पान, हाताने काढलेला तुमच्या गल्लीचा नकाशा, न वापरलेली दोन-तीन टपाल तिकिटं, लग्नपत्रिका.

न घालण्यासारखं : तिळगूळ, चिवडा, धान्य, बिया, वाळलेली फुलं-पानं, माती. शेतीमाल आणि वनस्पतींबाबत अमेरिका व कॅनडाचे नियम कडक आहेत. अशा पाकिटामुळे स्टॅन्लीही अडकून पडेल. नोटा-नाणीही साध्या पत्रातून पाठवायची नसतात. नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, दोन्ही बाजूंचे ठसे उमटतात. ते पाठवा.

बांगड्या, फ्रिजला लावायचं चुंबक, खेळणं असं काही घातलं की ते पाकीट नुसतं पत्र राहत नाही, वस्तू होते. मग सीमाशुल्काचा अर्ज भरावा लागतो, खर्च वाढतो आणि वेळही. स्टॅन्लीला कागदांच्या सोबतीनेच जाऊ द्या.

टपाल कार्यालयात

वजनाचा अंदाज घरीच येतो. नेहमीच्या ८० ग्रॅमच्या जाडीचा ए-फोर कागद एक पान ५ ग्रॅम भरतो. दोन पानं पत्र, जाड कागदाचा स्टॅन्ली, एक-दोन फोटो आणि पाकीट एवढं मिळून २० ग्रॅमच्या पुढे सहज जातं, तेव्हा घरातलं जुनं तिकीट चिकटवून पेटीत टाकू नका. काउंटरवर वजन करून घ्या. त्या देशाला त्या वेळी काय दर आहे आणि माग घेता येणारी कोणती सेवा चालू आहे, तेही तिथेच विचारा. हे नियम अलीकडे बरेच बदलले आहेत. देशांतर्गत नोंदणीकृत टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, आणि त्याच वर्षी अमेरिकेकडे जाणारं बरंचसं टपाल काही काळ थांबलंही होतं. शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी सांगितलेली माहिती धरून चालू नका.

पाकिटात स्टॅन्लीच्या मागे एक पुठ्ठा घाला, म्हणजे दुमडणार नाही. पत्ता रोमन लिपीत, सुट्या अक्षरांत. देशाचं नाव शेवटच्या ओळीत, मोठ्या अक्षरांत. तुमचा पत्ताही पिनकोड आणि देशासकट लिहा. यंत्राच्या पट्टीऐवजी रंगीत तिकिटं लावून द्या अशी विनंती करा, मुलांना ती हवी असतात. मोठ्या शहरांतल्या मुख्य टपाल कार्यालयांत संग्राहकांसाठी वेगळी खिडकी असते, तिथे चित्रांची तिकिटं मिळतात.

आणि हो, पाकीटही पत्राचा विषय होऊ शकतं. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून आली. तिची आखणी करणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, संस्कृतात काव्य आणि नाटकं लिहिणारे. पहिला आकडा ४ असला की पाकीट महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडकडे निघतं, असं दोन ओळींत लिहा आणि तुझ्या झिपकोडचा पहिला आकडा काय सांगतो ते शोध, असं मुलाला कामाला लावा.

तुमच्या वर्गातून पाठवायचा असेल तर

शिक्षकांसाठी पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : ज्याचा स्टॅन्ली जाईल त्याला उत्तर आलंच पाहिजे. चाळीसच्या वर्गात पाच जणांचे मामा अमेरिकेत असतील, बाकीच्यांचं काय? म्हणून ‘परदेश’ हा शब्दच काढून टाका. गडचिरोलीच्या मुलाला सिंधुदुर्गातल्या मासळी बाजाराचं पत्र तितकंच नवलाचं आहे. नगरची आत्या, सुरतला कामाला गेलेला काका, गोव्यातली मावशी, बोटीवरचा दादा, सैन्यातले मामा, सगळे यजमान चालतात. जवानाचं पाकीट ‘५६ ए.पी.ओ.’सारख्या लष्करी टपालाच्या पत्त्यावर जातं. अशा घरांना एवढंच कळवा की ठाण्याचा, गाडीचा, शस्त्रांचा फोटो नको, फक्त पत्र हवं. ज्यांचं बाहेरगावी कुणीच नाही त्यांच्यासाठी शिक्षकाने आपले चार-पाच मित्र आधीच बोलून ठेवावेत. अनोळखी माणसांना मुलांच्या नावाने पत्रं जाऊ नयेत. परतीचा पत्ता शाळेचा, आणि मुलाचं फक्त पहिलं नाव.

यजमानाला फोन करून होकार घेतल्याशिवाय पाकीट टाकू नका. सोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या : हे काय आहे, काय करायचं, कधीपर्यंत. तिकीट लावलेलं परतीचं पाकीटही आत असू द्या. देशाबाहेर आपलं तिकीट चालत नाही, तिथे यजमानाला विनंतीच करावी लागते.

वेळ जुळवायची तर जुलैत किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच पाठवावं. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर आलेली पत्रं कुणी वाचत नाही. स्टॅन्ली हेच नाव हवं असंही नाही, वर्गाने आपलं पात्र ठरवावं. पण त्याआधी मूळ गोष्ट वर्गात सांगा, नाहीतर कागदाच्या बाहुलीला पाकिटात का घालायचं हे कळत नाही. मुलांनी स्टॅन्लीसोबत स्वतःचं पत्रही लिहायचं : मी कोण, माझ्या घरून शाळेपर्यंत काय लागतं, आणि मला तुमच्याकडचं काय पाहायचं आहे. शुद्धलेखन सुधारून द्या, वाक्यं बदलू नका. यजमानाला मुलाचा आवाज ऐकायचा असतो.

पत्रं येऊ लागली की रोज एकच वाचा. भिंतीवरच्या नकाशावर दोरा लावा. ज्याचं उत्तर लांबलं आहे त्याला दोरा धरायला बोलवा, म्हणजे त्याचा विरस होत नाही, आणि त्याच दिवशी यजमानाला आठवण करा. ज्या मुलांना यातून पत्राची गोडी लागेल त्यांना पुढची वाटही आहे : जागतिक टपाल संघ १९७१ पासून ९ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी दरवर्षी आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा घेतो, आणि भारतात ती टपाल खात्यामार्फत होते.

हरवला तर

टपालात पाकीट गहाळ होतं, कधी यजमानाकडूनच राहून जातं. आधी शिक्षिकेला कळवा, मुलाला परस्पर सांगू नका. बऱ्याच वर्गांत जादा स्टॅन्ली तयार असतो. मग काढून ठेवलेल्या फोटोवरून प्रत करा आणि पत्र पुन्हा पाठवा. खोटी साहसकथा रचण्यापेक्षा ‘पाकीट कुठे अडकलं ते शोधतो आहोत’ हे खरं सांगितलेलं बरं. टपालाचा प्रवास कसा होतो हे शिकायलाही ते चांगलंच निमित्त असतं.

पाकीट चिकटवण्यापूर्वी

शेवटची ओळ तपासा. ‘अभ्यास कर, मोठा हो, आशीर्वाद’ अशी ती असेल तर तिच्या खाली आणखी एक ओळ लिहा, आणि ती प्रश्नाची असू द्या. तुझ्या शाळेत डबा कुठे बसून खातात? तुमच्याकडे भाजी कोण तोलतं, की मशीनच? ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर ठाऊक नाही असाच प्रश्न निवडा. पोरांना मोठ्यांचा तोंडी परीक्षेचा प्रश्न लगेच ओळखता येतो, आणि त्याला ती उत्तर देत नाहीत. खऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र येतं, आणि त्या वेळी शिक्षिकेने सांगितलेलं नसतं.